घोषणेची हुंडी

९ जानेवारी २०२० रोजी औरंगाबाद येथे मराठवाड्यातील जिल्ह्यांचा आढावा घेण्यात आला. परभणी जिल्ह्याचा विषय निघाला तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरी येथील साईबाबा मंदिर परिसराच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये देण्याची घोषणा केली. पाथरीत आनंद झाला, तर शिर्डीत अस्वस्थता पसरली. घोषणेत पाथरीचा उल्लेख साईबाबांचे ‘जन्मस्थान’ असा झाला होता आणि शिर्डीकरांचा आक्षेप त्या एका शब्दावर होता. १९ जानेवारीला शिर्डी बंद पाळण्यात आला. मंदिर मात्र भाविकांसाठी उघडे राहिले. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी शिर्डीच्या प्रतिनिधींशी चर्चा केली आणि पाथरीचा विकास तीर्थक्षेत्र म्हणून करावा, जन्मस्थानाचा उल्लेख त्यातून वगळावा, अशी तडजोड निघाली. पाथरीकरांना ती रुचली नाही.

या साऱ्या गदारोळात पाथरीची बाजू हिरिरीने मांडणारे लोकप्रतिनिधी होते त्या वेळचे विधान परिषद सदस्य बाबाजानी दुर्राणी. एका मंदिराच्या परिसरासाठी शासनाकडे निधी मागणारा आमदार मुस्लिम असावा, याचे बाहेरच्यांना नवल वाटले. पाथरीत ते कोणाला वाटले नाही. हे गावच मिश्र वस्तीचे व जुन्या वारशाचे आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांपैकी होते असे इतिहासकार सांगतात आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी या पाथरीसाठी निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यात युद्धही झाले. पाथरीवरून वाद होण्याची ती काही पहिली वेळ नव्हती.

साईबाबांच्या संदर्भात पाथरीचे नाव पुढे आले ते वि. बा. खेर यांनी १९७० च्या दशकात तेथे जाऊन केलेल्या शोधामुळे. पुढे स्थानिकांनी समिती स्थापन केली, भुसारी कुटुंबाच्या जुन्या घराच्या जागेवर मंदिर उभारले आणि १९९९ मध्ये ते भाविकांसाठी खुले झाले. २०१७ साली शिर्डीतील शताब्दी सोहळ्यात राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनीही पाथरीच्या विकासाचा उल्लेख केला. म्हणजे २०२० च्या घोषणेमागे चार दशकांची चिकाटी होती. त्या घोषणेचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही, आणि लोकप्रतिनिधीच्या कामाचे खरे स्वरूप तर त्याच प्रवासात दिसते.

व्यापारी घराण्यांना हुंडीचा व्यवहार परंपरेने ठाऊक आहे. हुंडी हाती आली म्हणजे रक्कम हाती आली असे नव्हे. ती ज्याच्या नावे लिहिली असेल त्याने सकारली पाहिजे, मुदत भरली पाहिजे आणि मगच ती वटते. सार्वजनिक व्यासपीठावरील निधीची घोषणा ही अशीच मुदती हुंडी असते. ती लिहिणारा एक, सकारणारा दुसरा आणि प्रत्यक्ष रक्कम मोजणारा तिसराच.

पाथरीची हुंडी लिहिली गेली त्यानंतर अडीच महिन्यांतच टाळेबंदी आली. ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने आदेश काढून त्या वर्षीचा विकासखर्च अर्थसंकल्पीय तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला आणि नवी कामे हाती घेऊ नयेत असे बजावले. ती अडचण ओसरते न ओसरते तोच जून २०२२ मध्ये सत्तांतर झाले. आधीच्या सरकारच्या काळात मंजूर झालेल्या, परंतु प्रत्यक्ष सुरू न झालेल्या अनेक कामांना राज्यभर स्थगिती मिळाली. काही लोकप्रतिनिधींनी व ग्रामपंचायतींनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. अखेर १६ सप्टेंबर २०२३ रोजी मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त छत्रपती संभाजीनगर येथे मंत्रिमंडळाची बैठक झाली, तेव्हा तेथील घोषणांमध्ये पाथरीच्या सुमारे नव्वद कोटींच्या आराखड्याचा समावेश झाला. पहिल्या शब्दापासून तोवर तीन वर्षे आठ महिने उलटले होते. मंजुरीनंतरही अरुंद गल्ल्यांतील घरे, त्यांचे भूसंपादन व मोबदला हे प्रश्न उरतातच.

आमदाराच्या हाती स्वतःचे म्हणून किती असते, हेही पाहिले पाहिजे. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाची वार्षिक रक्कम दीर्घकाळ २ कोटी होती. २०२० मध्ये ती ३ कोटी झाली, २०२१ मध्ये ४ कोटी झाली (त्यातील १ कोटी कोविडच्या उपाययोजनांसाठी वापरण्याची मुभा होती) आणि मार्च २०२२ मध्ये ५ कोटी झाली. आकडा ऐकायला मोठा आहे. परभणी जिल्ह्यात परभणी, जिंतूर, गंगाखेड व पाथरी असे चार विधानसभा मतदारसंघ. म्हणजे वर्षाला २० कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. भागाकार केला तर माणशी १०९ रुपये येतात. गावांच्या हिशेबाने पाहावे, तर जिल्ह्यात आठशेहून अधिक गावे असल्याने एका मतदारसंघाच्या वाट्याला सरासरी दोनशे गावे. शहरांना काहीही दिले नाही असे धरले तरी गावाला अडीच लाख. एवढ्यात एखादा लहानसा सिमेंट रस्ता होतो, सभागृह होत नाही. आणि निवडणूक झाली की प्रत्येक गाव सभागृह मागते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हे ५ कोटी आमदाराच्या खात्यात जमा होत नाहीत. त्याला धनादेश काढता येत नाही, कंत्राटदार नेमण्याचा अधिकारही नियमाने त्याचा नाही. तो जिल्हाधिकाऱ्यांना काम सुचविणारे पत्र देतो; त्याचा अधिकार तेथे संपतो आणि कागदाचा प्रवास सुरू होतो. जिल्हा नियोजन अधिकारी ते पत्र बांधकाम विभागाकडे वा नगर परिषदेकडे पाठवितात. तेथील अभियंता जागा पाहून चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार करतो, त्यास तांत्रिक मान्यता मिळते, मग जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, देयक आणि शेवटी कोषागार. यांपैकी कोठेही सातबारा उतारा जुळला नाही, ग्रामसभेचा ठराव नसला किंवा जागेची हद्द वादात असली, की फाइल परत फिरते. पुष्कळदा आमदारावर निष्क्रियतेचा ठपका येतो तो मुळात एका सहहिस्सेदाराच्या न मिळालेल्या सहीमुळे.

म्हणून अनुभवी आमदार आपल्या ५ कोटींवर फारसा विसंबून राहत नाही. त्याची नजर असते मोठ्या शीर्षांकडे. ग्रामविकास विभागाच्या ‘२५१५’ या लेखाशीर्षातून लोकप्रतिनिधींनी सुचविलेली गावांतील मूलभूत सुविधांची कामे होतात; गावोगावी ‘पंचवीस-पंधराची कामे’ म्हणून त्यांची ओळख आहे. नगर परिषदांसाठी वैशिष्ट्यपूर्ण कामांचे विशेष अनुदान व नगरोत्थान आहे. मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा यांसारख्या बाजारपेठेच्या गावांतील पुष्कळ रस्ते, नाल्या, चौक त्यातून झाले. रस्ते-पुलांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाचे ‘व्हाइट बुक’. त्यात कामाचे नाव छापून येणे हा आमदाराच्या वर्षभराच्या खटपटीचा निकाल असतो. नाव मार्चच्या अर्थसंकल्पात आले नाही तर जुलैची वा डिसेंबरची पुरवणी मागणी, आणि त्यासाठी मंत्रालयाच्या मजल्यांवर फेऱ्या. सभागृहातील तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना ही आयुधे वर्तमानपत्रांत दिसतात. परंतु कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरील टिप्पणी पुढे सरकविण्याचे काम कोणाला दिसत नाही. खरे पाहता आमदाराची परीक्षा भाषणात कमी आणि या पाठपुराव्यात अधिक होते.

जिल्ह्यापुरते महत्त्वाचे दालन म्हणजे जिल्हा नियोजन समिती. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तिला स्थान दिले व १९९८ च्या राज्य अधिनियमाने तिची रचना ठरली. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव आणि पाचांतील चार सदस्य जिल्हा परिषद व नगर संस्थांमधून निवडून आलेले, अशी मूळ योजना. २०२२ नंतर या संस्थांच्या निवडणुका लांबल्या, प्रशासक आले आणि निवडून आलेल्या स्थानिक सदस्यांची बाकेच रिकामी झाली. साहजिकच पालकमंत्री व आमदार यांचे वजन वाढले. जानेवारी २०२५ मध्ये परभणीचे पालकमंत्रिपद जिंतूरच्या आमदार मेघना साकोरे-बोर्डीकर यांच्याकडे आले. पालकमंत्री त्याच जिल्ह्यातील असला की नियोजन समितीत गावाचे नाव समजावून सांगावे लागत नाही, ही सोय. इतर मतदारसंघांना आपले माप पुरेपूर मिळते का, हे पाहण्याची जबाबदारी तितकीच मोठी होते, ही तिची दुसरी बाजू.

जैन समाजाच्या दृष्टीने या व्यवस्थेतील एक-दोन गोष्टी विशेष समजून घेण्याजोग्या आहेत. केंद्र शासनाने २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. परभणी जिल्हा तर त्याआधीच, बुलढाणा, वाशीम व हिंगोली यांच्यासह, अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांच्या केंद्रीय यादीत आलेला होता. यावरून अनेकांची समजूत होते की मागितले की मिळेल. प्रत्यक्षात या योजनांना वस्तीतील लोकसंख्येची अट असते आणि एका पेठेत विखुरलेली जैन कुटुंबे त्या मापात बसतीलच असे नाही. शिवाय त्यांतून व्हायची ती शाळा, पाणी, आरोग्य, वसतिगृह अशी सर्वांच्या उपयोगाची कामे.

जिंतूरचे उदाहरण घ्यावे. या गावाचे जुने नाव जैनपूर होते असे सांगितले जाते. गावापासून तीन-चार किलोमीटरवर नेमगिरी व चंद्रगिरी ही डोंगरांची जोडी आहे. गुंफांतील भगवान नेमिनाथांची भव्य मूर्ती आणि एका लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती यांच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात. अशा क्षेत्रासाठी शासनाकडे काय मागावे? गुंफांतील काम, मूर्तीची वेदी, शिखर हे मागता येत नाही आणि मागूही नये. कोणत्याही विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २७ सांगतो. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांनीही धार्मिक स्थळाच्या आतील कामे वर्ज्य ठरविली आहेत. मात्र डोंगरापर्यंतचा रस्ता, पथदिवे, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, वाहनतळ या गोष्टी तीर्थक्षेत्र विकास वा प्रादेशिक पर्यटन विकास योजनेत मागता येतात. त्यांचा उपयोग दर्शनास येणाऱ्याला होतो तसाच त्या वाटेने शेतात जाणाऱ्यालाही होतो. सार्वजनिक पैशाची हीच खूण आहे.

येथे गावोगावचा एक परिचित पेच येतो. कागदावर ‘सामाजिक सभागृह’ असते. बोलण्यात ते ‘मंदिराचा सभामंडप’ होते. जागा ग्रामपंचायतीची, खर्च शासनाचा, परंतु कुलूप एखाद्या समाजाच्या पंचाचे. बांधताना कोणी काही बोलत नाही. चार-पाच वर्षांनी दुसऱ्या समाजातील एखाद्याच्या मुलीच्या लग्नासाठी सभागृह मागितले जाते, नकार मिळतो आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. कायद्याची बाजू तेव्हा निःसंदिग्ध असते: मालमत्ता स्थानिक संस्थेची, वापर सर्वांचा. दुखावलेली मने मात्र कायद्याने जुळत नाहीत.

व्यापारी समाजाला हा भेद उमजणे अवघड नाही, कारण त्याच्याकडे दानाची जुनी शिस्त आहे. धर्मशाळा, पाणपोई, पांजरपोळ, औषधालय हे सारे मराठवाड्यातील पेठांनी शासनाची वाट न पाहता उभारले. निजामाच्या राज्यात आमदार नव्हते आणि निधीही नव्हता. होती ती बोलीची रक्कम आणि दात्याच्या नावाची फरशी. ज्या वास्तूत आपल्या आचाराचे नियम पाळले जावेत, तेथे रात्रिभोजन होऊ नये, अभक्ष्य शिजू नये असे वाटते, ती वास्तू आपल्या दानातूनच बांधलेली बरी. शासकीय निधीतून उभ्या राहिलेल्या सभागृहावर असे नियम लादता येणार नाहीत. दोन्ही सोयी एकाच इमारतीत हव्यात, असा मोह अनेक विश्वस्त मंडळांना होतो. तो टाळलेला श्रेयस्कर.

व्यापाऱ्याचा या निधीशी आणखी एक संबंध आहे, आणि त्याची चर्चा सभा-समारंभांत होत नाही. सिमेंट, लोखंड, पाइप, विजेचे साहित्य, रंग यांची दुकाने या कामांच्या उधारीवर चालतात. कंत्राटदार कार्यारंभ आदेशाची प्रत दाखवितो आणि माल उचलतो. काम पूर्ण होते, मोजमाप होते, देयक सादर होते. परंतु तरतूद आली नाही तर देयक पडून राहते. २०२४-२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभरातील कंत्राटदारांना आंदोलने करावी लागली. त्यांच्या मागे उभे असलेले दुकानदार त्या आंदोलनांत नव्हते, पण थकबाकी त्यांच्याही खतावणीत होती. बँकेचे व्याज मात्र दर महिन्याला नावे पडत राहते. कामाच्या उद्घाटनाला नारळ फोडताना टाळ्या वाजविणाऱ्यांमध्ये ज्याची उधारी अडकलेली आहे असा दुकानदारही असतो.

म्हणून माल देण्यापूर्वी आदेशाच्या प्रतीवर लेखाशीर्ष कोणते आहे, हे वाचावे. जिल्हा वार्षिक योजनेतील काम असेल, तर रक्कम जिल्ह्याला वितरित झाली आहे का, याची चौकशी नियोजन कार्यालयात करता येते. जिल्हा परिषदेकडे आलेला निधी पुढील आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्च करण्याची मुभा असते. त्यामुळे त्या कामात थोडा श्वास घ्यायला अवधी मिळतो. केवळ पुरवणी मागणीच्या भरवशावर सुरू झालेल्या कामात उधारीची मर्यादा आधीच ठरवावी. माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची प्रत मागण्याचा हक्क कोणत्याही नागरिकाला आहे. तो बजावला म्हणजे आमदाराशी वैर घेतले असे होत नाही. कामाचा हिशेब मागणारा मतदार प्रामाणिक लोकप्रतिनिधीला सोयीचाच ठरतो. त्याच्या आधाराने तोही अभियंत्याला प्रश्न विचारू शकतो.

निवेदन देण्याच्या पद्धतीबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि छायाचित्र, त्यानंतर ‘आमच्या समाजासाठी भरीव निधी मिळावा’ असे एका ओळीचे पत्र, हा प्रघात सर्वत्र दिसतो. ‘भरीव’ या शब्दाला अंदाजपत्रकात रकाना नाही. ज्या निवेदनासोबत जागेचा उतारा, नगर परिषदेचा वा ग्रामसभेचा ठराव, हद्दीचा नकाशा, अभियंत्याने काढलेला ढोबळ खर्च आणि देखभाल कोण करणार याचे लेखी उत्तर असते, ते आमदाराच्या स्वीय सहायकाला त्याच दिवशी पुढे पाठविता येते. पाथरीकरांच्या मागणीमागे समिती होती, वास्तू होती, शोधाची कागदपत्रे होती; तरीही शब्दाच्या वादाने, महामारीने आणि सत्तांतराने वर्षे गेली. जेथे काहीच कागद नाही तेथे किती वर्षे जातील, हे सांगायला नको.

वेळेचे गणितही सोपे आहे. जिल्ह्याच्या पुढील वर्षाच्या आराखड्याची तयारी हिवाळ्यात सुरू होते. साधारण जानेवारीत नियोजन समिती त्यावर विचार करते, त्यानंतर राज्यस्तरीय बैठक होते आणि मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो. फेब्रुवारीत दिलेले निवेदन त्या वर्षापुरते उशिराचे असते. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवून दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होते, पाडव्याला पहिली नोंद पडते; त्यानंतरच्या पंधरवड्यात ठरावाच्या प्रती काढून, सातबारा ताजा घेऊन परभणीच्या नियोजन कार्यालयात जावे, पोच घ्यावी आणि तिची एक प्रत आमदाराच्या कार्यालयात द्यावी.